पुरस्कारांचे आठ अंदाज आणि एक चौकशी

मंगळवारी सकाळी केळकर सरांनी केबिनमध्ये बोलावलं, तेव्हा मला वाटलं, कौतुक करायला बोलावलंय.

आदल्या संध्याकाळी हिंदी सिनेमाचा एक मोठा पुरस्कार सोहळा झाला होता. त्याच दिवशी सकाळी आमच्या पेपरात माझं पान होतं, 'कोण जिंकणार?' चित्रपट, दिग्दर्शन, नट, नटी, पटकथा, छायाचित्रण, संकलन, ध्वनी. आठ विभाग, आठ अंदाज. आठही बरोबर आले. सिनेमाच्या पानावर इतकी वर्षं काढली, पण असं कधी झालं नव्हतं.

सरांनी दार लावायला सांगितलं आणि लॅपटॉप माझ्याकडे फिरवला.

"वाच."

आयोजकांचं मेल होतं, थेट आमच्या मालकांना. शब्द सभ्य होते, म्हणणं सभ्य नव्हतं. निकाल सोहळ्याआधी फुटला आहे आणि तुमच्या प्रतिनिधीचं पान हाच त्याचा पुरावा आहे. तिला माहिती कोणी दिली ते गुरुवारपर्यंत कळवावं, नाहीतर पुढची कारवाई.

"कोणी दिलं तुला?" सरांनी विचारलं.

"काय?"

"निकाल."

"सर, अंदाज आहेत ते. दरवर्षी देते तसे."

"दरवर्षी आठच्या आठ येतात?"

"नाही येत. यंदा आले."

सरांनी लॅपटॉप मिटला. माणूस वाईट नव्हता. पण त्यांना मालकांना उत्तर द्यायचं होतं आणि 'यंदा आले' हे काही उत्तर नव्हतं.

आता हे अंदाज कसे बांधतात ते सांगते. या पुरस्काराला चार-पाच परीक्षकांची समिती नसते. इंडस्ट्रीतली शेकडो माणसं मत देतात. त्यात स्टार थोडे. बाकी कॅमेरामन, संकलक, ध्वनिमुद्रक, मेकअपवाले, कपडेपटवाले. त्यांना चित्रपट बघायला ऑनलाइन लिंक पाठवतात. तिला स्क्रीनर म्हणतात. मत गुप्त असतं. फोडणाऱ्याचं नाव यादीतून जातं.

म्हणून मी 'मत कोणाला दिलंत?' असं कधीच विचारत नाही. विचारलं तरी माणूस खरं सांगत नाही, मित्राचं नाव घेतो. मी दोनच गोष्टी विचारते. स्क्रीनर कुठपर्यंत बघितलात? आणि तुमच्या ओळखीतले लोक कोणाबद्दल बोलतायत? पहिल्या प्रश्नावरून कळतं, कोणता सिनेमा लोक अर्ध्यात सोडतायत. दुसऱ्यावरून कळतं, वारं कुठलं आहे. स्वतःबद्दल गप्प बसणारा माणूस दुसऱ्यांबद्दल भरपूर बोलतो. वर्षानुवर्षं मी हेच करत आले. लालबागला एका मेकअपमनच्या घरी चहा, गिरगावात कपडेपट सांभाळणाऱ्या बाईंकडे एक दुपार, दादरला एका संकलकाच्या स्टुडिओबाहेर अर्धा तास. वहीत सगळं लिहायचं. नावं नाहीत, खुणा.

हे सगळं सरांना माहीत होतं. तरी ते म्हणाले, "मग त्या लोकांची नावं दे. आयोजक त्यांना विचारतील, ते सांगतील, विषय संपला."

"त्यांची मतं जातील सर."

"आणि तुझी नोकरी?"

"ती गुरुवारी बघू."

हे मी ऐटीत म्हटलं खरं. बाहेर येऊन डेस्कवर बसले आणि गुरुवारपर्यंत किती तास उरलेत ते मोजलं.

दुपारी स्मिताचा फोन आला. नायगावच्या बीडीडी चाळीत आमच्या खोल्या समोरासमोर. चाळ पाडून आता तिथे टॉवर उभा राहतोय, त्यामुळे शेजारी भाड्याच्या घरांत पांगलेत. मी परळला, ती वडाळ्याला. स्मिता एका ऑडिट फर्ममध्ये काम करते. या पुरस्काराची मतमोजणी तीच फर्म करते. शेवटचे आकडे एका बंद खोलीत फक्त चार माणसं बघतात. स्मिता त्या चारांतली एक. हे मला माहीत होतं आणि म्हणूनच आम्ही या विषयावर कधी चकार शब्द काढत नव्हतो.

"निशाताई, मला घरी बसवलंय गं."

"का?"

"फॉर्ममुळे. दरवर्षी लिहून घेतात ना, ओळखीत कोणी पत्रकार आहे का म्हणून. मी तुझं नाव लिहिलेलं. दरवर्षीच लिहिते."

"मग बरोबरच केलंस की."

"बाकी तिघांनी 'कोणी नाही' लिहिलंय. आणि शनिवारी आपण फोनवर बोललो ना. त्याच दिवशी मोजणी झाली."

शनिवारचा फोन मला आठवला. नव्या इमारतीतल्या घरांची सोडत कधी निघणार, कोणाला कितवा मजला मिळणार, तिच्या सासूबाईंना लिफ्टची भीती वाटते त्याचं काय करायचं. अकरा मिनिटं. पण फोनच्या यादीत फक्त अकरा मिनिटं दिसतात, सासूबाई दिसत नाहीत.

"ताई, मी एकोणीस वर्षं काढली तिथे," स्मिता म्हणाली. रडत नव्हती. आवाज अगदी कोरडा होता आणि तेच मला ऐकवेना.

तोवर मी माझ्यापुरता विचार करत होते. फार तर काय, पान काढून घेतील. आता तसं राहिलं नाही. खरं लिहिलं म्हणून स्मिता सापडली होती. फोन ठेवला आणि ठरवलं, हे मीच निस्तरणार, आणि कोणाचंही नाव न देता.

संध्याकाळी वडाळ्याहून दळवीकाकांचा फोन आला. दळवी हे नाव मी बदललंय. मी ज्यांना विचारत फिरते त्यांतलेच एक, निवृत्त ध्वनिमुद्रक, वय ऐंशीच्या पुढे. बातमी तोवर सगळीकडे पोचली होती.

"माझं नाव दे गो," काका म्हणाले. "मत काढून घेतील? घेऊ देत. माझे कान आता तसेही अर्धे गेलेत."

"काका, तुमचं एक नाव दिलं की म्हणतील, बाकीचे कोण? ते कुठे थांबणार नाहीत."

"मग काय करतलंस?"

"बघते."

बघते म्हटलं, पण काय बघायचं ते कळत नव्हतं. बुधवारी सकाळी मी वही उघडली. पहिल्या पानापासून परत वाचायला लागले. निकाल मला आधी माहीत नव्हता, हे सिद्ध करायचं होतं. नसलेली गोष्ट कशी दाखवणार? आठ नावं बरोबर होती. चोराची यादी आणि माझी यादी शेजारी ठेवली, तर दोन्ही सारख्याच दिसणार.

शेवटच्या चार पानांवर आले आणि थांबले.

पेपरात आम्ही फक्त जिंकणाऱ्याचं नाव छापतो. वहीत मात्र मी प्रत्येक विभागात नामांकन मिळालेल्या पाचही जणांना नंबर देते. पहिला ते पाचवा. समोर शेरा. 'एकतर्फी.' 'थोडक्यात.' 'तिसऱ्याचं काही खरं नाही.' रविवारी पान लावताना केळकर सरांना हीच पूर्ण यादी मेल केली होती, कारण जागा उरली तर दुसऱ्या नंबराचे फोटो टाकायचे होते. जागा उरली नाही. पण मेल होतं. रविवार, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. तेव्हा कोणाचा कोणावर संशय नव्हता.

मी तशीच सरांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, ज्याला निकाल फुटून मिळतो, त्याला पहिला कोण ते तर कळतंच. पण जिला आकडे बघणारीने सांगितलं, तिला दुसरा-तिसराही कळेल. कोण किती मतांनी आला तेही कळेल. बरोबर?"

"बरोबर."

"माझे दुसरे-तिसरे आणि शेरे त्यांनी खऱ्या आकड्यांशी ताडून बघावेत. सगळे जुळले तर मी दोषी."

सरांनी मेल उघडून यादी पुन्हा वाचली. मग चष्मा काढला.

"आणि जुळले तर? तुझं यंदा जे चाललंय ते बघता?"

हा प्रश्न मलाही पडला होता. "तर मग राजीनामा लिहून आणते," मी म्हटलं.

गुरुवारी लोअर परळला ऑडिट फर्मच्या ऑफिसात मीटिंग ठरली. पूर्वी जिथे गिरणी होती तिथे आता काचेची इमारत आहे. माझे वडील त्याच गिरणीत सायझिंग, म्हणजे सुताला खळ लावायच्या खात्यात होते, त्यामुळे त्या गेटातून आत जाताना मला कधीच परक्या जागी आल्यासारखं वाटत नाही. त्या दिवशी त्याचा उपयोग झाला.

समोर दोघं. आयोजकांच्या एक मॅडम आणि फर्मचे सीनियर पार्टनर परेरा. परेरा गिरगावातले, साठीच्या आसपासचे, मराठी आमच्यापेक्षा स्वच्छ. मॅडमनी सुरुवातीलाच विचारलं, "निशाजी, सीधा बताइए, सोर्स कौन है?"

"सोर्स आहेत. तुमच्या फर्ममधलं कोणी नाही. नावं मी देणार नाही."

"देन व्हाय आर वी हिअर?"

मी मेलची प्रिंट परेरांसमोर ठेवली. काय करायचं ते सांगितलं. परेरांनी कागद वर-खाली दोनदा वाचला.

"यातलं किती बरोबर आहे, ते मी तुम्हाला सांगणार नाही हां," ते म्हणाले. "आकडे या खोलीत कोणालाच मिळणार नाहीत. मॅडमनासुद्धा नाही."

"मला नकोच आहेत. तुम्ही एकट्याने बघा."

ते कागद घेऊन आत गेले. मॅडम मोबाइलमध्ये. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले. सगळी हयात अंदाज बरोबर यावेत म्हणून धडपडले. लोकांच्या घरी जिने चढले, लग्नाला गेले, मयताला गेले, कारण ओळख ठेवावी लागते. आणि त्या चाळीस मिनिटांत मी मनात एकच घोकत होते: चुकलेलं असू दे. छायाचित्रणात मी ज्याला दुसरा टाकलाय, तो पाचवा असू दे. पटकथेत 'एकतर्फी' लिहिलंय ते साफ खोटं निघू दे.

परेरा बाहेर आले. चेहऱ्यावरून काही कळेना. बसले, कागद घडी घालून माझ्याकडे सरकवला.

"निशाजी, विजेते सोडले तर तुमची यादी बरीच वाईट आहे."

मी श्वास सोडला.

"ज्याने आकडे बघितलेत किंवा ज्याला कोणी सांगितलेत, तो असं लिहिणार नाही," ते आयोजकांच्या मॅडमकडे वळून म्हणाले. "दोन ठिकाणी तर मला हसू आलं. कुठल्या, ते विचारू नका."

मॅडम हट्टाने म्हणाल्या, "जानबूझकर गलत लिखा होगा. टु कव्हर हरसेल्फ."

"रविवारी दुपारी?" परेरा म्हणाले. "सोहळा सोमवारी, तुमचं मेल मंगळवारी. आपल्यावर आळ येणार, हे ओळखून आदल्या दिवशी कोणी चुका करून ठेवतं का? तेवढं ओळखता आलं असतं, तर दुसरे नंबरही बरोबर आले असते."

मॅडमनी मोबाइल पर्समध्ये टाकला. मी उठले नाही.

"एक राहिलं," मी म्हटलं. "स्मिता गावडे. तिने फॉर्मवर खरं लिहिलं म्हणून ती घरी बसलीय. ज्यांनी 'कोणी नाही' लिहिलंय त्यांना तुम्ही विचारलंत का, खरंच कोणी नाही का?"

परेरांनी पेनाला टोपण लावलं. "तो आमचा विषय आहे," ते म्हणाले. मग उठता उठता, "पण मुद्दा बरोबर आहे."

सोमवारी स्मिता कामावर गेली. आयोजकांकडून मालकांना दोन ओळींचं पत्र आलं, 'गैरसमज दूर झाला आहे.' माफी त्यात नव्हती आणि ती मागायला कोणी गेलंही नाही. स्मिताला मात्र मोजणीच्या खोलीतून काढून दुसऱ्या क्लायंटवर टाकलं. शिक्षा नाही, म्हणाले, काळजी म्हणून. ती खूश नव्हती. मलाही ते पटलं नाही. पण नोकरी राहिली आणि फाइलवर डाग राहिला नाही. मी तेवढंच मिळवू शकले.

महिन्याभराने ती घरी आली. चहा पिता पिता म्हणाली, "ताई, पुढच्या वर्षी एखादा अंदाज मुद्दाम चुकीचा दे ना. आपलं बरं."

"नाही देणार."

"अगं, एकच."

"एकही नाही. माझे आपोआपच चुकतात, त्यासाठी वेगळी मेहनत कशाला?"

ती हसली. त्या महिन्यात पहिल्यांदाच, असं तीच म्हणाली.

पुढे निवृत्त होईपर्यंत मी ते पान लिहिलं. आठ परत कधी आले नाहीत. पण पाचही नंबरांची यादी शेऱ्यांसकट आधी संपादकांना मेल करायची, हा नियम मी स्वतःला घालून घेतला आणि नंतर आलेल्या मुलामुलींनाही तोच सांगितला. त्यांना वाटायचं, आपण किती हुशार ते दाखवायला हे करायचं असतं. मी सांगायचे, उलट आहे. बरोबर आलेलं उत्तर कोणाचंही असू शकतं. ते आपणच काढलंय, हे पटवायला आपल्या चुकाच कामी येतात. त्या तारीख घालून जपून ठेवा.