केर काढायची वेळ

घरातलं माणूस गावाला निघालं की ते पोचेपर्यंत केर काढायचा नाही, ही बनाबाईंच्या सासूबाईंची शिकवण. शिवाजी पेठेतल्या दोन खोल्यांत बनाबाईंनी ती जन्मभर पाळली. माणूस पोचलं हे कळायचं कसं, हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही, कारण नवरा एसटी स्टँडवर कंट्रोलर होता. कुठली गाडी कुठे किती वाजता लागते, हे आकारामदादा झोपेतून उठवलं तरी सांगत, वाटेतल्या थांब्यांसकट.

लेक क्रांती नर्स झाली आणि पंच्याण्णव साली मलकापूरच्या दवाखान्यात लागली. दर सोमवारी ती सातच्या गाडीने निघायची. सव्वाआठला दादा चहाची बशी खाली ठेवत.

"उतरली. मार झाडू."

आठ वर्षांत क्रांती एकदाही वाटेत अडकली नाही. श्रेय एसटीचं की झाडूचं, हा वाद दोघांनीही काढला नाही.

दोन हजार तीनला तिला मस्कतच्या इस्पितळात नोकरी लागली. निघताना ती तिकिटाची झेरॉक्स ठेवून गेली. मुंबई सुटणार दुपारी चार, मस्कत पोचणार पाच वीस. आता लेक समुद्र ओलांडणार म्हटल्यावर बनाबाईंनी आदल्या दिवसापासून केराचंच विचारायला सुरुवात केली. दिवेलागणीनंतर झाडू लावायचा नाही, आणि त्याआधी लेक पोचायला हवी.

दादांनी ट्रॅव्हल्सवाल्याकडून अंतर आणलं, साधारण सोळाशे किलोमीटर. झेरॉक्सच्या पाठीवर भागाकार केला. ताशी बाराशे आले. आकडा पटेना म्हणून परत केला, परत बाराशेच. नुसत्या मुंबईला एसटीला दहा तास लागतात, हे त्यांना आठवलं. मग त्यांनीच कारण शोधलं. विमानाला थांबे नाहीत, घाट नाही, साताऱ्याला चहा नाही.

साडेपाचला त्यांनी हुकूम दिला. बनाबाईंनी दोन्ही खोल्या झाडल्या, केर बाहेर टाकला आणि फोनजवळ येऊन बसल्या.

सहा वाजले. बॅगा मिळायला वेळ लागतो, असं दादा म्हणाले. सात वाजले. दादांनी रिसीव्हर उचलून फोन चालू आहे का बघितलं. बनाबाईंनी भात टाकला नव्हता.

साडेसातला फोन वाजला. दादांनी उचलला.

"आबा, पोचले. बॅगबी मिळाली. हितं आत्ता सहा वाजल्यात."

दादांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. मग झेरॉक्सकडे. पाच वीस हे तिकडच्या घड्याळातले होते. म्हणजे लेक समुद्रावर असताना त्यांनी घर झाडायला लावलं होतं. सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकाही गाडीची वेळ चुकीची सांगितली नव्हती.

"कवा उतरली म्हणं?" बनाबाईंनी विचारलं.

"पाच वीसला. तिकिटावर हाय तसं."

बनाबाई भात टाकायला उठल्या.

पुढच्या वर्षी क्रांती सुट्टीवर आली, महिनाभर राहिली, आणि त्याच विमानाने परत निघाली. साडेपाच वाजले तरी दादांनी हुकूम दिला नाही. बनाबाईंनी झाडू हातात घेतला.

"थांब," दादा म्हणाले. "वाटंत चहाचा थांबा हाय."

"गेल्या खेपंलाबी हुता की," बनाबाई म्हणाल्या आणि झाडू दाराआड ठेवला.

दिवे लागले. केर सकाळपर्यंत तसाच राहिला.