दगडाला लसणाचा वास

सूड घ्यायला मला सव्वा वर्ष लागलं, आणि त्यातला एकही दिवस मला कंटाळवाणा गेला नाही.

साठ सालानंतरची गोष्ट. यवतमाळच्या एका कॉलेजात मी भूशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस होतो, अजून कायम न झालेला. आमचे सर भारी सोवळे. चातुर्मासात स्वतः तर लसूण खात नसतच, पण दुसऱ्यानं खाल्लेलाही त्यांना सोसत नसे. मी फुलसावंगी गावचा, माझ्या डब्यात भाकर आणि लसणाची चटणी. सर भर वर्गात नाकाला रुमाल लावून म्हणत, "तीन हात लांब उभा राहा रे! दगड नंतर ओळखू, तू आधी ओळखू येतोस." पोरं हसत. मीही हसायचो, बत्तीस दात दाखवून.

एवढं मी पचवलं असतं. पण मला कायम करण्याचा कागद आला, त्यावर सरांनी शेरा मारला: 'काम असमाधानकारक. नमुन्यांची ओळख नाही.' आता पुढच्या शेऱ्यावर माझी नोकरी राहणार की जाणार हे ठरणार होतं.

हत्यार कपाटातच सापडलं. जुन्या विलायती खोक्यातला, राखी-काळा, धातूसारखा चमकणारा दगड. मूळ चिठ्ठी वाळवीनं खाल्लेली. सरांनी आपल्या वळणदार अक्षरात नवी डकवली होती: 'मँगनीज. पांढरकवडा. स्वतः शोधलेला.' आल्यागेल्याला तो कौतुकानं दाखवत. मला मात्र तो मँगनीज वाटेना. फुटला की त्याच्या सरळ, गुळगुळीत कडा निघायच्या. एका रविवारी सगळ्या खिडक्या उघडून मी ज्वारीच्या दाण्याएवढा कण कोळशावर ठेवला आणि फुंकनळीनं ज्योत मारली. अहाहा! पांढरा धूर, आणि थेट आमच्या घरच्या चटणीचा वास! पुस्तकं धुंडाळली. एनार्जाइट. तांबं, आर्सेनिक आणि गंधक यांचं दुर्मीळ खनिज. जमिनीच्या पोटातलं कढत पाणी भेगांतून वर येतं तिथं हे तयार होतं. पेरू-चिलीच्या डोंगरांत मिळतं. आमच्या जिल्ह्यातल्या पांढरकवड्याला मिळायचं तर ट्रकमधून पडायला हवं होतं.

मी तोंडातून ब्र काढला नाही. वाट पाहिली.

विद्यापीठाचे म्हातारे तपासणीस आले तो नेमका श्रावण सोमवार. टेबलावर तोच दगड मी सगळ्यांत पुढे मांडला होता. सरांनी छाती फुगवून शोधाची कथा सांगितली. मी अदबीनं म्हटलं, "सर, फुंकनळीवर दाखवू का पाहुण्यांले?"

"दाखव, दाखव!"

मी खिडक्या उघडल्या आणि दाखवला. वास पसरला. सरांचा रुमाल नाकावर गेला आणि डोळे माझ्यावर.

"श्रावणात? पाहुण्यांसमोर? निर्लज्ज! उघड डबा!"

"राहू द्या ना, सर."

"उघड म्हणतो ना!"

मी लाजत लाजत उघडला. साबुदाण्याची उसळ.

"मले उपास हाय, सर," मी म्हणालो.

म्हाताऱ्याचं पोट हसून हलायला लागलं. "अहो, लसूण डब्यात नाही, दगडात आहे. हा आर्सेनिकचा वास!" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आणखी काय आहे यात?"

मी उरलेल्या कणावर आम्लाचा थेंब टाकून तो ज्योतीत धरला. ज्योत निळी-हिरवी झाली. "तांबं, साहेब." मग नाव सांगितलं, गंधक सांगितलं, पेरू-चिली सांगितलं. पांढरकवड्याविषयी गप्प राहिलो. तेवढी चव मला पाहुण्यांच्या तोंडून घ्यायची होती.

"मग चिठ्ठीवर हे 'पांढरकवडा' कुठून आलं?" तपासणीसांनी विचारलं.

"चिठ्ठ्या हाच लिहितो!" सर ओरडले.

तपासणीसांनी चिठ्ठी उचलली, शेजारी सरांची सही असलेलं हजेरीपुस्तक उघडलं, आणि दोन्ही अक्षरं एकमेकांशी ताडून पाहिली. ते पाहताना मला जे सुख झालं ते पुढे लग्नातही झालं नाही. हे बायकोला माहीत आहे.

तपासणीनंतर तिसऱ्या आठवड्यात माझा कागद पुन्हा आला. नियमानं शेरा सरांनीच लिहायचा होता. मी पेनात शाई भरून दिली आणि जवळ, अगदी जवळ उभा राहिलो. सरांनी लिहिलं, 'काम समाधानकारक.' मी वाकून पाहिलं आणि म्हटलं, "सर, 'नमुन्यांची ओळख आहे' हेही लिहा ना."

त्यांनी लिहिलं. मी शाई वाळेपर्यंत हललो नाही.