पाठीवरचं पाणी

पुण्याला चित्रकला शिकत असताना कॉलेजच्या लायब्ररीत मला एका परदेशी चित्रकाराचं पुस्तक सापडलं. त्यानं वर्षानुवर्षं आपल्या बायकोलाच आंघोळ करताना रंगवलं होतं. बाई टबात पडलेली, पाण्यावर जांभळा-पिवळा उजेड, आणि तिचं लक्ष कुणाकडेच नाही. कुणी बघेल म्हणून मी भिंतीकडे तोंड करून ते चाळायचे. पुढं जामखेडला शाळेत चित्रकलेची शिक्षिका झाले आणि पुस्तक मागं पडलं.

लग्न केलं नाही. आईला अर्धांगवायू झाला तेव्हा घरात आम्ही दोघीच. शाळेला जायच्या आधी तिला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून मी आंघोळ घालायचे. टँकरचं पाणी, त्यामुळं दीड बादलीत भागवायचं. एका सकाळी झरोक्यातून ऊन तिच्या ओल्या पाठीवर पडलं आणि तोच जांभळा रंग मला दिसला. तांब्या हातातच राहिला.

"पानी घाल की. गार लागतंय," आई म्हणाली.

दोन दिवसांनी मी विचारलं, "आई, तुझं न्हातानाचं चित्र काढू का?"

तिनं चालत्या हातानं पदर खांद्यावर ओढला. मग म्हणाली, "काड. पन तोंड दावू नगंस."

सात चित्रं झाली, सगळी पाठमोरी. पहिली दोन अगदी त्या चित्रकारासारखी, दारात उभं राहून बघितल्यासारखी. पण मी कधी दारात उभी नव्हते. माझे हात कोपरापर्यंत साबणानं भरलेले असायचे. तिसऱ्या चित्रापासून मी माझा हातही काढायला लागले.

आई गेल्यावर नगरला एका हॉलमध्ये ती चित्रं लावली. शाळेतलं कुणी आलं नाही, नंतर कुणी विषयही काढला नाही. शेवटच्या संध्याकाळी एक वयस्कर बाई तिसऱ्या चित्रापुढं थांबल्या.

"मानेखाली साबण राहिलाय," त्या म्हणाल्या.

"हो, राहायचा."

"आमच्या सासूबाईंचाही राहायचा." एवढं बोलून त्या गेल्या.

चित्रं एसटीनं परत आणली. आता रविवारी कागद लावून बसते, तर समोर कुणी नसतं. म्हणून दुसरा आरसा विकत आणला आणि स्वतःचीच पाठ काढून बघतेय. दोन आरशांत बघताना मान अवघडते. अजून एकही चित्र जमलेलं नाही.