कैचीवरचे आकडे

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी बेला या मराठी बोलणाऱ्या गावाहून आदिलाबादला नकाशे काढायच्या नोकरीवर आलो. गाव जवळच, पण हापिसात सगळे तेलुगूत बोलत. माझ्यापाशी आले की हिंदीत कामाचे दोन शब्द बोलून आपल्या गप्पांत परतत. सुट्टीचा दिवस खायला उठे. चहावाल्याशिवाय कोणाशी बोलणं होत नसे.

म्हणूनच जुन्या चर्चचे पाळक खोलीवर आले तेव्हा मी त्यांचं काम लगेच अंगावर घेतलं. कौलारू छत गळत होतं. कवेलू आणि लाकूड उतरवून स्लॅब टाकायचा होता, आणि त्याआधी इमारतीचा नकाशा हवा होता.

चार शनिवार मोजमाप चाललं. दोन हात जाड दगडी भिंती, टोकदार कमानींच्या खिडक्या, आणि वर छप्पर पेलणाऱ्या सागवानी कैच्या. टेपचं दुसरं टोक तिथं झाडलोट करणारी म्हातारी बाई धरायची. तिला मराठी येत नव्हती, मला तेलुगू. खाणाखुणांवर आमचं भागे.

शेवटच्या शनिवारी मी शिडीवर चढलो. कैचीच्या सांध्यावरची धूळ पुसली, तर लाकडात पटाशीनं कोरलेला आकडा दिसला. ५. पलीकडच्या कैचीवर ६. आपले मराठी आकडे! वर चढवताना जोड चुकू नये म्हणून सुतारानं घातलेली खूण.

"मावशी, आमच्या इकडला मिस्त्री व्हता हा!" मी वरूनच ओरडलो.

"एमैंदी?" काय झालं म्हणून तिनं विचारलं.

तिला कसं सांगावं कळेना. खाली उतरलो आणि बाकावरच्या धुळीत बोटानं ५ काढून दाखवला. तिनं तो निरखून पाहिला, मग माझ्याकडे बघत पाची बोटं वर केली. मी मान हलवली.

नकाशात मी ते आकडेही उतरवले. "ये किसलिए?" पाळकांनी विचारलं.

"बनानेवाले ने लिखे हैं, साब."

त्यांनी आकड्यांवरून हात फिरवला, पण स्लॅबचं ठरलेलं होतं. उन्हाळ्यात कैच्या उतरल्या. ट्रकमध्ये लाकूड भरलं जाताना मी रस्त्यापलीकडे उभा राहून पाहिलं.

पुढे गावी गेलो तेव्हा बापाला हे सांगितलं.

"कोन्या गावचा मिस्त्री व्हता?" त्यानं विचारलं.

"मालूम नाई."

"मंग इचारलं काऊन नाई कोनाले?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं परत आदिलाबादला आलो, पाळकांना मिस्त्रीचं गाव विचारायचं ठरवूनच.