मधले अप

या सदरातले अनुभव मी आजवर चुका काढण्यासाठीच वाचत आलो. कुणाला पावलं वाजलेली ऐकू आली की म्हणायचो, उंदीर असेल... कुणाला सावली दिसली की म्हणायचो, चष्म्याचा नंबर तपासा. भुताखेतांवर विश्वास बसलाय असं आजही मला म्हणवत नाही. पण वय झालंय, आणि जे घडलं ते लिहून ठेवल्याशिवाय जायचं नाही, एवढं ठरवलंय.

मी देवळाली कॅम्पात राहतो. रस्त्याकडच्या खोलीत दुपारी काही मुलांना गिटार शिकवतो. उजव्या अंगठ्याचा सांधा आखडल्यामुळे मला आता फक्त डाउन जमतो – म्हणजे चिमटीतल्या पिकने, त्या छोट्या प्लास्टिकच्या पट्टीने, तार वरून खाली छेडणं. खालून वर, म्हणजे अप घ्यायला गेलो की पिक हातातून निसटतं.

झोया माझी विद्यार्थिनी. रविवारी कॉलेजच्या बँडची निवड होती. शुक्रवारी आली ती गिटारची बॅग दाराशी टेकवून तशीच उभी राहिली.

"सर, मी नाव काढून घेते. हात सुधारतच नाही."

तिची अडचण सगळ्यांचीच असते. डाउन-अप, डाउन-अप असं सलग वाजवताना वेग वाढला की अप अशक्त पडतो, जरा उशिरा येतो. ऐकणाऱ्याला वाटतं, कुणीतरी लंगडत चाललंय.

"सरावाने जातं ते," मी म्हणालो.

"आमच्यात नाही जात, सर. खानदानी आहे. माझे नाना ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे, हात लंगडा म्हणून काढलं त्यांना. मम्मी म्हणते, त्यांनी सोडली तशी तूही सोड. शिलाई मशीन आहेच घरात."

"नाव काय नानांचं?"

"युसूफ. मागच्या वर्षी गेले. इथेच टेलरिंगचं दुकान होतं."

दुकान मला माहीत होतं. कित्येक वर्षं मी त्या गल्लीतून जाणं टाळत होतो. त्याच्या मयतीलाही गेलो नव्हतो.

युसूफ आणि मी एकाच ऑर्केस्ट्रात होतो, दोघं मिळून एकच ओळ वाजवायचो. हात सारखा पडावा म्हणून आम्ही एक सराव काढला होता – एकाने नुसते डाउन वाजवायचे, दुसऱ्याने मधले अप. डोळे मिटून ऐकणाऱ्याला एकच माणूस वाजवतोय असं वाटलं पाहिजे. युसूफ अप वाजवायचा तेव्हा तसं वाटायचं. मी वाजवायचो तेव्हा नाही. तो पिक जरा तिरकं धरायचा, त्यामुळे त्याच्या प्रत्येक अपला तारेवर नख घासल्यासारखी बारीक खरखर यायची.

नाशिकच्या एका कार्यक्रमात वेगाचा तुकडा लंगडला. मध्यंतरात ऑर्केस्ट्राच्या मालकांनी विचारलं, "दोघांतला कोण?" मी होतो. युसूफने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घालून तार जुळवत म्हणालो, "युसूफचा हात दमतो कधीकधी." त्याने गिटार बॅगेत ठेवली. पुन्हा स्टेजवर दिसला नाही.

हे त्या शुक्रवारी झोयाला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. म्हणालो, "जाण्याआधी एक कर. मी नुसते डाउन वाजवतो, तू ऐक. मधली जागा कानात बसू दे." तिने मोबाइल टेबलावर ठेवून रेकॉर्डिंग लावलं, हात मांडीवर घेऊन बसली.

मी वाजवलं. मध्येच लष्कराच्या फायरिंग रेंजवर तोफ उडाली, खिडकीची काच थरथरली. इथे ते रोजचंच.

मग आम्ही ऐकायला घेतलं. डाउन होते... आणि त्यांच्या मध्ये अप होते. बारीक खरखरीचे, अगदी एकसारखे. मग तोफ, काचेची थरथर. म्हणजे रेकॉर्डिंग आत्ताचंच.

"सर, अप कोण वाजवतंय?"

"तूच मध्ये..."

"माझी गिटार बॅगेत आहे."

"मोबाइलचं काहीतरी असेल. पुन्हा रेकॉर्ड कर."

दुसऱ्यांदा मी मुद्दाम मध्येच थांबलो, तारांवर तळहात दाबून धरला. खोलीत काही आवाज नव्हता. ती माझ्या हाताकडे बघत होती, मी तिच्या.

रेकॉर्डिंगमध्ये मी थांबलो. अप थांबले नाहीत. माझ्या डाउनच्या जागा मोकळ्या सोडून ते एकटेच चालत राहिले – ना एक पुढे, ना एक मागे – मी परत येईन म्हणून वाट बघत असल्यासारखे. झोयाने जिथे बटण दाबलं होतं तिथेच ते तुटले.

"सर, तुम्ही घाबरलात?"

"हो," मी म्हणालो. "तुझ्या नानांचा हात लंगडा नव्हता. माझा होता. मी त्यांचं नाव सांगितलं."

तिने मोबाइल टेबलावर उलटा ठेवला.

"त्यांना माहीत होतं?"

"होतं."

"आणि आम्हाला सांगायचे, मेरा ही हाथ कच्चा था." ती बॅगेकडे बघत राहिली. "मग माझा हात कुणावर गेला?"

"कुणावर नाही. तुझा सराव कमी आहे."

ती हसली नाही. पण बॅगेची चेन उघडून तिने गिटार बाहेर काढली.

रविवारी ती निवडीला गेली, मी युसूफच्या मुलीकडे. तिलाही हेच सांगितलं. तिने चहा विचारला नाही, आणि ते बरोबरच होतं. बँडमध्ये दुसऱ्याच कुणाला घेतलं. झोया सोमवारी परत शिकायला आली. वेगात हात अजून लंगडतो तिचा, पण आता खानदानाचं नाव काढत नाही.

माझा इंजिनिअर भाचा ते रेकॉर्डिंग ऐकून म्हणाला, "मामा, एको आहे." मग तोफेचा एको का नाही आला, काचेचा का नाही? मी थांबल्यावर कुणाचा एको चालू होता?

अजूनही दुपारी मी मोबाइल लावून एकटा डाउन वाजवतो, मधली जागा सोडून. परत ऐकतो तेव्हा ती रिकामीच असते.