मायच्या मरणाची घाई

यंदाच्या वर्षात मी एक छंद लावून घेतला, एक प्रवास केला आणि आमच्या मायच्या निधनाची बातमी सगळ्या नातेवाइकांना कळवली. माय बरी आहे.

निवृत्त झाल्यापासून जो भेटतो तो विचारतो, "काय मंग, काय चालू आहे सध्या?" या तीन गोष्टींखेरीज माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही, म्हणून तिन्ही एकदाच सांगून टाकतो.

आधी छंद. मी भंडाऱ्यात राहतो. कचेरीतून सुटल्यावर मोबाईलवर व्हिडिओ पाहून पाहून मी घरातल्या वस्तूंना अक्कल शिकवायला लागलो. माणूस आलं की आपोआप लागेल असा दिवा फाटकापाशी बसवला. तो मांजर आलं की लागायचा आणि माणूस आलं की विझायचा! पाण्याची मोटर मोबाईलवरून सुरू होईल अशी केली. (मोबाईलवरून ती बंद मात्र होत नव्हती. दोनदा गच्चीवरून धबधबा झाला.) आमची बायको मंदा म्हणाली, "तुमी कचेरीत जात होते तेव्हाच घर बरं चालत होतं."

पण हा सगळा खटाटोप खरं तर मायसाठी होता. माय अठ्ठ्याहत्तर वर्षांची. नाकाडोंगरीला एकटी राहते. दोन वर्षांपूर्वी बाबा पाणी सोडायला शेताजवळच्या बोडीवर, म्हणजे लहानशा तळ्यावर, गेले आणि बांधावरच कोसळले. मी तेव्हा मीटिंगमध्ये होतो. फोन मुका करून ड्रॉवरमध्ये टाकला होता. संध्याकाळी काढला तर त्यावर अकरा कॉल. लोकांनी सूर्य बुडेपर्यंत वाट पाहिली. मी पोहोचलो तेव्हा चिता निम्मी खाली बसली होती. माय मला त्यावरून एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

म्हणून मी तिच्या ओसरीवर कॅमेरा लावला. त्यातून तिकडचं दिसायचं आणि आपला आवाजही तिकडे जायचा.

"हे काय लावून राहिला, वसंता?"

"याच्यातून मी तुले रोज पाहीन, माय."

"इथं येऊन पाहाले काय झालं?"

मी स्क्रू आवळत राहिलो. त्या प्रश्नाचं उत्तर कोणत्याही व्हिडिओत नव्हतं.

मग प्रवास. थंडीत आम्ही दोघं निवृत्तांच्या जथ्यासोबत रामेश्वरला गेलो. सकाळी दहाच्या सुमारास समुद्रकाठी बसून मी कॅमेरा उघडला. माय ओसरीच्या खांबाजवळ जमिनीवर उजव्या कुशीवर पडलेली. दिवसा कधी आडवी न होणारी बाई! तिच्या पायाशी एक कोंबडी उभी होती. अकरा वाजता पाहिलं, माय तशीच. बारा वाजता पाहिलं, तशीच. कोंबडीही तशीच. (शंका मला कोंबडीवरूनच यायला हवी होती. पण मला वाटलं, मुकं जनावर, त्यालाही दुःख कळतं.)

"माय! माय गं! उठ नं!" मी फोनमध्ये ओरडू लागलो. आमच्या जथ्यातल्या दोन बायकांना वाटलं, माझ्या अंगात आलं. एकीनं तर पदर सावरून मला नमस्कारही केला.

मायच्या फोनवर कॉल लावला. (तिचा फोन बिघडू नये म्हणून ती तो डब्यात ठेवते.) शेजारच्या काशीबाईला लावला. कोणी उचलेना. त्या आळीतले मिळून पाच नंबर माझ्याकडे होते, पाचही वाजून वाजून थकले. शेवटी तुमसरला धाकट्या बहिणीकडे, शोभाकडे, लावला. तिच्या नवऱ्यानं उचलला.

"जवाईबापू, माय हालून नाही राहिली. दोन तास झाले."

"म्हणजे भाऊ..."

"म्हणजे बहुतेक..."

"तुमी काही बोलू नका. मी पाहतो."

आमचे जवाईबापू मयतीच्या कामात वाकबगार माणूस. ते निघाले, पण वाटेत बांबू आणि पांढरं कापड घेऊनच निघाले. दरम्यान मी मामांनाही 'बहुतेक' म्हणालो. मामांच्या कानाला 'बहुतेक' ऐकू येत नाही. त्यांनी कुटुंबाच्या ग्रुपवर मायचा फोटो टाकला आणि खाली भावपूर्ण श्रद्धांजली. फोटो शोभाच्या लग्नातला होता आणि त्यात मी मायला चिकटून उभा होतो. मामांनी मला कापलं, पण माझा एक कान राहिला. त्या दिवशी माझ्या कानालाही पुष्कळ श्रद्धांजली मिळाली.

मी वाळूत बसलो होतो. मंदा रडत होती. जथ्यातली माणसं गोल करून उभी होती. परतीच्या गाडीला दोन दिवस लागणार होते. म्हणजे बापाच्या वेळी निदान चिता तरी दिसली, मायच्या वेळी राखच दिसणार. मला काही सुचेना, रडूही येईना. नुसते कान गरम झाले होते.

तेव्हा आमच्यातले ज्येष्ठ, चकोले गुरुजी, शेजारी येऊन बसले. "वसंतराव, पोहोचणं तं तुमच्या हाती नाही. पण हे तीर्थ आहे, समुद्र आहे, न्हावी समोर बसला आहे. मुंडण इथंच करून घ्या. निदान एक काम तरी वेळेवर होईल."

'वेळेवर' हा शब्द मला लागला. मी उठलो आणि न्हाव्यासमोर जाऊन डोकं वाकवलं.

डावी बाजू साफ झाली आणि फोन वाजला. जवाईबापू.

"भाऊ, माय इथं नाही."

"नाहीच ना आता ती!" मला हुंदका फुटला.

"तसं नाही हो! ओसरीवर कोणीच नाही. दाराले बाहेरून कडी आहे."

सकाळपासून मी कॅमेरा बंदच केला नव्हता. फोन कानावरून काढून पाहिलं. "मले दिसून राहिली ना! खांबाजवळ!"

"मी खांबालेच टेकून उभा आहो, भाऊ."

"तुमी मले दिसत नाही."

"मंग काय मी मेलो?"

"हात हालवा!"

"हालवून राहिलो. दोन्ही!"

पडद्यावर माय होती, कोंबडी होती. जवाईबापू नव्हते.

"तिथं कोंबडी आहे काय?"

"कोंबडी अंगणात फिरून राहिली. भाऊ, इथं सकाळपासून लाईन नाही."

माझ्या अर्ध्या डोक्यात प्रकाश पडला. वीज गेली तेव्हाचं चित्र तिथंच गोठलं होतं. कोपऱ्यात वेळ दिसायची, तिच्यावरून कळलं असतं. पण वेळेच्या आकड्यांखाली मायची पाण्याची पितळी गुंडी झाकली जाते म्हणून ती मीच बंद करून ठेवली होती! चार तास मी एका फोटोला हाका मारत होतो.

न्हावी वस्तरा धरून थांबला होता. त्याला मराठी येत नव्हतं, पण माझा चेहरा पाहून त्यानं हातानंच विचारलं, पुढे करू की नको?

"आता अर्धं ठेवता येत नाही, वसंतराव," चकोले गुरुजी गंभीरपणे म्हणाले.

जिवंत मायसाठी मी उरलेलं डोकंही भादरून घेतलं.

पण माय होती कुठे? पुढचं शोभानं फोनवर सांगितलं. ग्रुपवरची श्रद्धांजली वाचून चारी दिशांनी माणसं येत होती. प्रेत नाही म्हटल्यावर कोणीतरी म्हणालं, विहिरीत पाहा. झालं! पंचवीस-तीस माणसं विहिरीभोवती, दोघं गळ टाकून आत ढवळताहेत, आणि शोभा काठावर बसून हंबरडा फोडतेय. इतक्यात एक ट्रॅक्टर आला. त्यातून आळीतली सगळी माणसं उतरली आणि शेवटी काशीबाईचा हात धरून माय उतरली. पलीकडच्या गावी एका सोयऱ्याची तेरवी होती, सगळे जेवायला गेले होते. सकाळी ट्रॅक्टर यायला वेळ होता म्हणून तिनं पाच मिनिटं आंग टाकलं होतं, तेवढंच.

आपल्या विहिरीवर एवढी माणसं आणि आपली पोरगी रडतेय हे पाहून मायनं कोणाला काही विचारलं नाही. ती शोभाशेजारी बसली, पदर डोळ्याला लावला आणि तीही रडायला लागली. थोड्या वेळानं हळूच म्हणाली, "कोण पडलं वो?"

शोभा किंचाळून मागं सरकली ती थेट मामांच्या अंगावर!

मग मायनं सगळ्यांसाठी चहा मांडला. बांबू वाया गेले नाहीत, त्यांचा वालाला मांडव झाला. पांढरं कापड तिनं पेटीत ठेवलं. "राहू दे. लागलंच तं बजारात जा लागत नाही."

तिसऱ्या दिवशी मी रेल्वे स्थानकावरून थेट नाकाडोंगरीला गेलो. डोक्याला रुमाल बांधला होता. मायनं तो सोडला आणि माझ्या टकलावरून हात फिरवला. मला वाटलं, आता शिव्या बसतील. बसल्या नाहीत.

"दिवाळीले कोणी नव्हतं आलं," ती म्हणाली. "परवा सारे आले. शोभाचे पोरं आले, मामा आला. वीस वर्षं न बोलणारी जाऊ आली. आंगण भरलं होतं, वसंता. तुझा बाप पाहाले पाहिजे होता."

मी रुमालाची घडी घातली. म्हणालो, "माय, मी राहतो इथं थोडे दिवस."

"किती?"

"केस येईपर्यंत. असा भंडाऱ्यात कसा फिरू?"

ती चुलीकडे वळली. लाकडं आत सारली. मग मागे न वळताच म्हणाली, "मंग हळूहळू येऊ दे."

या गोष्टीला दोन महिने झाले. मी अजून नाकाडोंगरीलाच आहे. मंदा रोज फोनवर विचारते, "आले काय केस?" मी सांगतो, अजून नाही. तिलाही खोटं वाटत नाही. माझ्या डोक्यावर काय आणि डोक्यात काय, काहीही उगवायला वेळच लागतो!