गेटबाहेरचा पिवळा गोल

करोनाच्या वेळी शाळेच्या गेटबाहेर रंगवलेले पिवळे गोल आता पार फिकट झालेत. तरी पालक अजून नेमके त्यांतच उभे राहतात. साथ गेली, पण पालकांनी आत यायचं नाही हा नियम तेवढा मागे राहिला.

आज माझ्या शेजारच्या गोलात मोठ्या बाई उभ्या होत्या, याच शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांचा पहिलीतला नातू आत भोकाड पसरून रडत होता.

नियम बाईंनीच केलेला. तेव्हा माझी लेक पायरीवरून पडली होती आणि तिचं रडणं मला इथवर ऐकू येत होतं. गेटच्या आतून, मास्कआडून बाई म्हणाल्या होत्या, "नियम सगळ्यांना सारखा." त्याच वेळी संस्थेच्या अध्यक्षांची गाडी, ना ताप तपासला ना काही, सरळ आत गेली.

गेटला कुलूप घालणाऱ्या माणसाला वाटतं, आपण जन्मभर आतच राहणार.

वॉचमन ऐकेना, तेव्हा बाई माझ्याकडे वळल्या. "तुम्ही पालक संघात आहात ना? सांगा ना याला, सोड म्हणावं."

इतकी वर्षं जपून ठेवलेलं वाक्य मी हसून त्यांच्या हातावर ठेवलं. "नियम सगळ्यांना सारखा, बाई."

त्यांचा चेहरा उतरला. जिवाला काय गार वाटलं म्हणून सांगू!

आत पोरगं रडतच होतं, थेट माझ्या लेकीसारखं, हुंदके देत. मी ते नीट ऐकलं, आणि माझ्या गोलातून हलले नाही.